ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंतींचे बांधकाम-टप्पे

ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंतींचे बांधकाम-टप्पे हा आफ्रिकेच्या पुरातत्त्वविद्येतील एक महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील झिंबाब्वे या देशात असलेल्या ग्रेट झिंबाब्वे या प्राचीन नगराच्या ग्रॅनाइटी भिंती कोणत्या क्रमाने उभ्या राहिल्या, त्यांपैकी कोणत्या एकाच वेळच्या आहेत आणि त्यांचा काळ कसा ठरवावा, हे प्रश्न या विषयात येतात. बहुतेक भिंती इसवी सनाच्या १२ व्या ते १५ व्या शतकांदरम्यान बांधल्या गेल्या आणि त्या शोना भाषक समाजाच्या पूर्वजांनी उभारल्या, यावर आज अभ्यासकांचे एकमत आहे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या बेफिकीर खोदकामात भिंतींलगतचे मातीचे थर मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. त्यामुळे भिंतींचा क्रम लावताना भिंतींची रचना, त्यांचे सांधे आणि थोड्याच ठिकाणी वाचलेले थर यांवर अवलंबून राहावे लागते.

स्थळाची ओळख

ग्रेट झिंबाब्वे हे स्थळ मासव्हिंगो शहराच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. 'झिंबाब्वे' हा शब्द शोना भाषेतील असून त्याचा अर्थ 'दगडी घरे' असा सांगितला जातो. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने हेच नाव धारण केले. १९८६ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

अवशेषांचे तीन मुख्य भाग मानले जातात. पहिला भाग टेकडीवरील अवशेषांचा आहे. तेथे नैसर्गिक प्रस्तरखंडांमधील मोकळ्या जागा भिंतींनी जोडून आवारे तयार केलेली आहेत. दुसरा भाग टेकडीच्या दक्षिणेस सखल भागातील 'ग्रेट एन्क्लोजर' म्हणजे मोठे आवार होय. त्याची बाह्य भिंत सुमारे २५० मीटर लांबीची, काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत उंच आणि पायथ्याशी सुमारे ५ मीटर जाड आहे. या एकाच भिंतीत सुमारे ५,००० घनमीटर दगडकाम आहे. आवाराच्या आत सुमारे १० मीटर उंचीचा, आतून भरीव असा शंकूच्या आकाराचा बुरूज आहे. तिसऱ्या भागात दरीतील अनेक लहान आवारे मोडतात.

या भिंतींना छप्पर नव्हते आणि त्या घरांच्या भिंतीही नव्हत्या. राहण्याची घरे माती व बारीक खडी यांच्या घट्ट मिश्रणाची, गोलाकार आणि गवती छपराची असत. या मिश्रणाला शोना भाषेत 'धाका' म्हणतात. दगडी भिंती या घरांना वेढत, त्यांच्यातील अंगणे विभागत आणि येण्याजाण्याच्या वाटा आखून देत. घर, अंगणाची जमीन आणि दगडी भिंत हे तिन्ही मिळून एक वसतिस्थान होत असे. बांधकाम-टप्प्यांचा अर्थ लावताना ही गोष्ट निर्णायक ठरते, कारण धाक्याची जमीन व भिंत यांचा परस्परसंबंध दिसला, तरच भिंतीचा काळ खात्रीने सांगता येतो.

बांधकामाचे साहित्य आणि तंत्र

परिसरातील ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर दिवसाच्या उष्णतेने व रात्रीच्या थंडाव्याने खडकाचे समांतर पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे फोडून विटांसारखे चपटे, जवळपास सारख्या जाडीचे दगड मिळत असत. खडकावर विस्तव पेटवून तो तापवणे व पाणी ओतून तो तडकवणे, या पद्धतीने ही प्रक्रिया वाढवता येते.

दगड चुना किंवा चिखल न वापरता एकमेकांवर रचलेले आहेत. कोकणात शेताच्या वा परसाच्या कडेला अशाच रीतीने रचलेल्या भिंतीला 'गडगा' म्हणतात. तंत्राचे मूळ तत्त्व तेच असले, तरी ग्रेट झिंबाब्वेच्या भिंतींचा आकार कितीतरी मोठा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारूश याने सोफाळा बंदराकडून आलेल्या माहितीच्या आधारे अंतर्भागातील एका दगडी वास्तूचे वर्णन केले असून, तिच्या दगडांमध्ये चुना दिसत नाही, अशी नोंद त्यात आहे. हे वर्णन ग्रेट झिंबाब्वेचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

मोठ्या भिंतींना सामान्यतः दोन दर्शनी बाजू असतात आणि त्यांच्यामध्ये कमी घडीव दगडांचा भराव असतो. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत घेतल्याने भिंतीला वर जाताना ढाळ मिळतो व तिचे स्थैर्य वाढते. भिंती वक्र असून काटकोनी कोपरे जवळपास आढळत नाहीत. प्रवेशद्वारांपाशी भिंतीची टोके गोलाकार संपवलेली असतात. काही प्रवेशद्वारांच्या माथ्यावर लाकडी किंवा दगडी तुळया होत्या. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी भिंतींच्या तळाशी मोऱ्या ठेवलेल्या आहेत.

उत्खननांचा इतिहास

जर्मन प्रवासी कार्ल माउख १८७१ मध्ये येथे पोहोचला. प्रवेशद्वारावरील तुळईचे लाकूड आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखे दिसते व तसाच वास देते, एवढ्यावरून त्याने ते लेबनॉनचे देवदार ठरवले आणि या वास्तूचा संबंध शेबाच्या राणीशी जोडला. १८९१ मध्ये थिओडोर बेंट याने उत्खनन केले. खोदताना स्थानिक आफ्रिकी वस्तू हाती येत असूनही बांधणारे बाहेरून आलेले असावेत, असे मत त्याने मांडले.

सर्वाधिक हानी रिचर्ड हॉल याच्या काळात झाली. १९०२ मध्ये त्याची या स्थळाच्या देखरेखीसाठी नेमणूक झाली होती. मूळ बांधणाऱ्यांच्या अवशेषांवर नंतरच्या स्थानिक लोकांचा 'कचरा' साचला आहे, अशी त्याची समजूत होती. तो कचरा दूर करण्याच्या नावाखाली मोठ्या आवारातून व इतर ठिकाणांहून मीटरभर, तर काही जागी त्याहून अधिक जाडीचे थर काढून टाकण्यात आले. त्या थरांतच घरांच्या जमिनी, चुली, मडकी आणि मणी होते. भिंती उभ्या राहिल्या, पण त्यांचा काळ सांगणारी माती गेली. १९०४ मध्ये हॉलची सेवा संपवण्यात आली.

१९०५ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या वतीने डेव्हिड रँडल-मॅकायव्हर या प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाने तपासणी केली. भिंतींशी संबंधित घरे व वस्तू सर्वस्वी आफ्रिकी असून बांधकाम मध्ययुगीन आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. तो युरोपीय वसाहतवाल्यांना रुचला नाही. वाद मिटवण्यासाठी १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांना पाठवण्यात आले. पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झालेल्या कॅथलीन केन्यन त्यांच्या पथकात होत्या.

केटन-थॉम्पसन यांनी आधीच्या खोदकामाचा स्पर्श फारसा न झालेले दरीतील 'माँड अवशेष' हे ठिकाण जाणीवपूर्वक निवडले. तेथे दगडी भिंती व धाक्याची घरे एकाच आराखड्याचे भाग असल्याचे त्यांनी दाखवले. शंकूच्या आकाराच्या बुरुजाखाली त्यांनी बोगदाही खणला. त्यातून गुप्त दालन किंवा वेगळ्या संस्कृतीचा पुरावा मिळाला नाही. भिंतींच्या पायाखालील मातीत आणि जमिनींच्या खाली सापडलेल्या वस्तूंवरून त्यांनी आफ्रिकी कर्तृत्वाचा आणि मध्ययुगीन काळाचा निष्कर्ष पक्का केला. १९३१ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

१९५८ चे उत्खनन आणि भिंतींचे वर्गीकरण

१९५८ मध्ये रॉजर समर्स, कीथ रॉबिन्सन आणि अँथनी व्हिटी यांनी एकत्रित उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबिन्सन यांनी टेकडीवरील थरांचा क्रम लावला, समर्स यांनी मोठ्या आवारात काम केले, तर वास्तुविशारद असलेल्या व्हिटी यांनी भिंतींच्या रचनेचा अभ्यास केला. व्हिटी यांनी भिंतींचे जे वर्ग पाडले, ते पुढील सर्व चर्चेचा आधार ठरले.

'पी' वर्ग: दगड फारसे न घडवता वापरलेले असतात. त्यांची जाडी व लांबी जुळत नसल्याने थर वरखाली होतात आणि काही थर मध्येच संपतात. प्रस्तरखंडांना टेकवून बांधलेल्या टेकडीवरील अनेक भिंती या वर्गात येतात.

'क्यू' वर्ग: दगड निवडून व घडवून घेतलेले असतात. थर लांबपर्यंत समतल जातात, उभ्या दरजा एकावर एक येऊ न देण्याची म्हणजे सांधेमोडीची काळजी घेतलेली असते आणि ढाळ एकसारखा असतो. शेवरॉनसारखी नक्षी या वर्गाच्या भिंतींत आढळते.

'पी-क्यू' वर्ग: वरील दोहोंच्या मधली, संक्रमणाची अवस्था.

'आर' वर्ग: ओबडधोबड दगड लहान चिपांचा आधार देऊन बसवलेले असतात. सलग थर नसतात.

'पी', 'पी-क्यू', 'क्यू' आणि 'आर' हा कालक्रमही आहे, असे व्हिटी यांचे म्हणणे होते. कौशल्य वाढत गेले आणि अखेरच्या काळात किंवा वेगळ्या हातांनी झालेले काम पुन्हा साधे राहिले, असा त्याचा अर्थ होतो.

टप्पे ओळखण्याच्या कसोट्या

भिंतींचा क्रम लावताना पुढील कसोट्या वापरल्या जातात. त्यांतील प्रत्येकीचे उत्तर वेगळ्या प्रकारचे असते.

सांधा: दोन भिंती जेथे मिळतात, तेथे दगड एकमेकांत गुंतलेले असतील, तर दोन्ही भिंती एकाच वेळी रचल्या गेल्या. याउलट एका भिंतीची दर्शनी बाजू अखंड पुढे जात असेल आणि दुसरी तिला केवळ टेकलेली असेल, तर टेकलेली भिंत नंतरची असते. अशा ठिकाणी वरपासून खालपर्यंत सरळ उभी दरज दिसते. या कसोटीवरून आधी कोणती व नंतर कोणती, एवढेच ठरते. दोहोंमधले अंतर एका दिवसाचे होते की एका शतकाचे, हे कळत नाही. ग्रेट झिंबाब्वेत ही मर्यादा विशेष जाणवते, कारण तेथील गवंडी भिंती परस्परांत गुंतवण्याऐवजी सहसा टेकवतच असत. म्हणून सरळ दरज दिसली की तेथे नवा टप्पा सुरू झाला, असे मानता येत नाही.

जमिनीशी संबंध: धाक्याची जमीन भिंतीच्या पायाखाली जात असेल, तर भिंत तिच्यानंतरची असते. जमीन भिंतीपर्यंत येऊन तिच्या बाजूला वळून चिकटत असेल, तर जमीन भिंतीनंतरची असते. पायासाठी खणलेला चर जुन्या जमिनीला कापत असेल, तर कापलेली जमीन जुनी आणि भिंत नवी ठरते. ही कसोटी सर्वांत भरवशाची आहे. हॉलच्या खोदकामाने नेमकी हीच कसोटी बहुतेक ठिकाणी निरुपयोगी केली.

पायाखालील व भरावातील वस्तू: भिंतीखाली सापडलेला मणी किंवा खापर भिंतीचा नेमका काळ सांगत नाही. भिंत त्या वस्तूच्या काळानंतरची आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. एकच उशिराची वस्तू पायाखाली निर्विवादपणे सापडली, तर ती शंभर जुन्या वस्तूंपेक्षा महत्त्वाची ठरते.

रचनेची पद्धत: दगडांची घडण, थरांची समतलता व ढाळ यांवरून वर्ग ठरतो. इतर कसोट्या नसतील, तेथे वर्गावरून क्रम सुचवता येतो. तो स्वतंत्रपणे तपासणे मात्र आवश्यक असते.

दुरुस्तीच्या खुणा: कोसळलेला भाग पुन्हा रचताना थरांची पातळी बिघडते, दगडांवरील हवामानाचा रंग व शेवाळाचे डाग जुळत नाहीत आणि दुरुस्तीच्या कडेला तुटक रेषा दिसते. अशी जागा ओळखली नाही, तर आधुनिक दुरुस्तीही प्राचीन टप्पा म्हणून नोंदली जाऊ शकते.

टेकडीवरील क्रम

टेकडीवरील पश्चिम आवारात जुन्या खोदकामातून वाचलेले जाड थर शिल्लक होते. रॉबिन्सन यांनी तेथे पाच कालखंड वेगळे केले. पहिल्या कालखंडात लोहयुगाच्या आरंभीच्या शेतकऱ्यांची ठशांच्या नक्षीची मडकी मिळतात. दगडी भिंती नाहीत. बऱ्याच काळानंतर सुरू झालेल्या दुसऱ्या कालखंडातही वस्ती आहे, पण दगडी बांधकाम नाही. तिसऱ्या कालखंडात घरे अधिक जाड व टिकाऊ धाक्याची होतात आणि दगडी भिंतींचा आरंभ होतो. चौथ्या कालखंडात चकाकी दिलेली उत्तम मडकी, आयात केलेल्या वस्तू आणि प्रगत दगडकाम दिसते. पाचवा कालखंड नगराच्या उतरणीनंतरचा आहे.

या क्रमातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दगडी भिंती रिकाम्या जागी अचानक उभ्या राहिल्या नाहीत, तर आधीपासून चालत आलेल्या वस्तीत त्यांची भर पडली. तसेच मातीची घरे भक्कम होणे आणि दगडी भिंती सुरू होणे, हे बदल एकाच सुमारास झाले. भिंती बांधणारे वेगळे व घरांत राहणारे वेगळे, या कल्पनेला थरांत आधार मिळाला नाही. टेकडीवरील सर्वांत जुन्या भिंती 'पी' वर्गाच्या असल्याने व्हिटी यांच्या वर्गक्रमाच्या पहिल्या पायरीलाही येथे थरांचा दुजोरा मिळाला.

मोठ्या आवारातील क्रम

मोठे आवार आज एकसंध वास्तू वाटते. भिंतींच्या अभ्यासावरून मात्र ते अनेक टप्प्यांत वाढत गेल्याचे दिसते. आतील काही आवारे साध्या रचनेची व जुनी आहेत. त्यानंतर संपूर्ण जागेला वेढणारी एक भिंत झाली. तिचा मोठा भाग आज 'आतील भिंत' म्हणून ओळखला जातो. भव्य बाह्य भिंत ही शेवटची मोठी भर होय.

आतील भिंत आणि बाह्य भिंत यांच्यामध्ये एक अरुंद, उंच व लांब बोळ तयार झाला आहे. तो शंकूच्या आकाराच्या बुरुजाकडे जातो. सुरुवातीच्या लेखकांनी तो एकाच वेळी ठरवून केलेला गूढ विधिमार्ग मानला होता. भिंतींचा क्रम लावल्यावर वेगळे चित्र समोर येते. आतील भिंत ही पूर्वीची सीमा होती. नवी भिंत तिच्या बाहेर बांधली गेली आणि जुनी पाडली गेली नाही, म्हणून मधली जागा बोळाच्या रूपाने उरली. पुढे हा बोळ विशिष्ट व्यक्तींच्या ये-जा करण्यासाठी जाणीवपूर्वक वापरला गेला असण्याची शक्यता त्यामुळे नाहीशी होत नाही. बोळाचा उगम आणि त्याचा नंतरचा वापर हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावे लागतात.

बाह्य भिंतीतही काम पुढे सरकत गेल्याच्या खुणा आहेत. वायव्येकडील भाग तुलनेने बारीक, कमी उंच आणि कमी सफाईदार आहे. दक्षिणेकडून पूर्वेकडे जाताना भिंत जाड व उंच होते, थर सरळ होतात आणि दगड अधिक काळजीने निवडलेले दिसतात. पूर्वेकडचा भाग संपूर्ण स्थळातील सर्वोत्तम दगडकाम समजला जातो. आग्नेयेकडे भिंतीच्या माथ्यावर शेवरॉन नक्षीचे पट्टे आहेत. यावरून बांधकाम वायव्येकडून सुरू झाले, घड्याळाच्या उलट दिशेने फिरले आणि उत्तरेकडील प्रवेशद्वारापाशी संपले, असा अर्थ लावला जातो. एकाच भिंतीत कौशल्याची वाढ दिसणे हे वर्गक्रमाच्या बाजूने एक प्रबळ साधन आहे, कारण येथे बदलाची दिशा भिंतीच्या अखंडतेवरूनच कळते.

कालनिर्णय

क्रम ठरल्यानंतर त्याला वर्षे जोडण्यासाठी मुख्यतः दोन साधने वापरली गेली. पहिले साधन आयात वस्तूंचे आहे. चिनी सेलाडॉन, पर्शियन झिलईदार भांडी आणि हिंदी महासागराच्या व्यापारातून आलेले काचेचे मणी येथे सापडले आहेत. मण्यांपैकी काहींच्या काचेचे मूळ भारतीय उपखंडात शोधले जाते. किल्वा येथील सुलतान अल-हसन इब्न सुलेमान याच्या नावाचे चौदाव्या शतकातील नाणेही मिळाले आहे. या वस्तू नगराच्या भरभराटीचा काळ दाखवतात, परंतु त्यांपैकी अनेक जुन्या खोदकामात सापडल्या असल्याने त्या कोणत्या भिंतीशी वा जमिनीशी संबंधित होत्या, हे सांगता येत नाही.

दुसरे साधन किरणोत्सर्गी कार्बनचे आहे. मोठ्या आवारातील आतील भिंतीच्या मोरीत टँबूटी जातीच्या झाडाचे ओंडके आधार म्हणून बसवलेले होते. त्यांच्या नमुन्यांची १९५० च्या दशकाच्या आरंभी मोजणी झाली. उत्तर सहाव्या ते आठव्या शतकाकडे झुकणारे आले. भिंत फार जुनी आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळाल्यासारखे वाटले. मात्र टँबूटीचे लाकूड अतिशय टिकाऊ असते आणि झाड दीर्घकाळ जगते. खोडाच्या गाभ्यातील लाकूड झाड तोडण्याच्या कितीतरी आधी तयार झालेले असते आणि असे ओंडके जुन्या बांधकामातून काढून पुन्हा वापरताही येतात. कार्बनचे मोजमाप लाकूड वाढल्याचा काळ सांगते, भिंत रचल्याचा नव्हे. त्या पद्धतीची सुरुवातीची अचूकताही मर्यादित होती. पुढील मोजण्या आणि थरांचा पुरावा एकत्र पाहता आतील भिंतीचा काळ चौदाव्या शतकाच्या सुमारास येतो.

थॉमस हफमन व योहान फोगेल यांनी १९९१ मध्ये सुधारित कालक्रम मांडला. त्यानुसार नगराचा उत्कर्ष तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानला जातो. २०१३ मध्ये शाड्रेक चिरिकुरे व सहकाऱ्यांनी उपलब्ध कार्बन-मोजण्यांचे बेझियन संख्याशास्त्राच्या साहाय्याने पुन्हा विश्लेषण केले. वस्तीचा काळ अधिक लांबला असावा आणि पंधराव्या शतकात स्थळ एकाएकी ओस पडले नसावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

वर्गीकरणावरील आक्षेप

रचनेचा वर्ग हाच काळ, असे समीकरण मांडण्यावर अनेक आक्षेप घेतले गेले आहेत. दगडाची उपलब्धता हे एक कारण आहे. टेकडीच्या उतारावर प्रस्तरखंडांना जोडणारी भिंत आणि सपाट जागेवरची मुक्त भिंत यांच्या गरजा वेगळ्या असतात. भिंतीचे स्थान आणि मालकाची ऐपत यांमुळेही फरक पडतो. दर्शनी भागात उत्तम दगड लावून मागची बाजू साधी ठेवण्याची प्रथा जगभर आढळते. 'आर' वर्गाच्या भिंती उशिराच्या असतीलच असे नाही. सामान्य लोकांनी किंवा कमी कुशल हातांनी उत्कर्षाच्या काळातही अशा भिंती बांधल्या असू शकतात. म्हणून सांधा किंवा जमीन यांचा दुजोरा असेल तेथेच वर्गावरून काढलेला क्रम निश्चित मानला जातो.

टप्प्यांच्या वाचनावरून समाजाचे चित्रही बदलते. हफमन यांच्या मते टेकडीवर राजाचे निवासस्थान होते आणि मोठे आवार दीक्षाविधींसाठी वापरले जाई. या मांडणीत टेकडी, मोठे आवार व दरी हे तिन्ही भाग एकाच वेळी, पण वेगवेगळ्या कामांसाठी वापरात होते, असे गृहीत आहे. २००८ मध्ये चिरिकुरे व इनोसंट पिकिरायी यांनी वेगळी मांडणी केली. शोना राजकीय परंपरेत नवा राजा आपले निवासस्थान नव्या जागी उभारत असे. त्यानुसार 'पी' वर्गाच्या भिंती असलेली टेकडी, त्यानंतर 'क्यू' वर्गाचे मोठे आवार आणि मग दरीतील आवारे ही एकामागून एक आलेली सत्ताकेंद्रे असावीत, असे त्यांनी सुचवले. दोन्ही मतांमधला मूळ प्रश्न भिंतींच्या समकालीनतेचा आहे. कोणत्या भिंती एकाच वेळी वापरात होत्या, हे ठरल्याशिवाय राजवाडा कोणता आणि विधिस्थान कोणते, हे ठरवता येत नाही.

कर्तृत्वाचा वाद आणि राजकारण

भिंतींचा काळ हा ऱ्होडेशियात राजकीय प्रश्न बनला होता. वास्तू फिनिशियन किंवा अरब लोकांनी प्राचीन काळी उभारल्या, असे मानले की गोऱ्या वसाहतवाल्यांचा भूमीवरील दावा बळकट होत असे. भिंती मध्ययुगीन आणि स्थानिक ठरल्या, की हा दावा कोसळत असे. १९६५ मध्ये इयान स्मिथ यांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केल्यानंतर आफ्रिकी कर्तृत्वाचा स्पष्ट उल्लेख टाळण्यासाठी पुरातत्त्वज्ञांवर व मार्गदर्शक पुस्तिकांवर दबाव आला. स्मारक-निरीक्षक असलेले पीटर गार्लेक यांनी १९७० मध्ये देश सोडला. १९७३ मध्ये त्यांचे ग्रेट झिंबाब्वेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. भिंतींचा क्रम, घरांच्या जमिनी आणि मडकी यांचा एकत्रित विचार करून त्यांनी स्थानिक विकासाची मांडणी केली.

या वादात थरांचा पुरावा निर्णायक ठरला. भिंतींना टेकलेल्या धाक्याच्या जमिनी, पायाखालील स्थानिक मडकी आणि टेकडीवरील अखंड क्रम यांमुळे बाहेरच्या बांधकाम करणाऱ्यांना जागा उरली नाही. त्याच वेळी, थरांऐवजी केवळ भव्यतेकडे पाहून काढलेले निष्कर्ष किती दूर जाऊ शकतात, हेही या प्रकरणातून दिसून आले.

जतन आणि पुनर्बांधणी

कोरड्या रचनेच्या भिंती कालांतराने फुगतात, कलतात व कोसळतात. झाडांची मुळे, पावसाचे पाणी, पायाखालील जमिनीची हालचाल आणि पर्यटकांचे भिंतींवर चढणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक पडके भाग पुरेशा नोंदी न ठेवता पुन्हा रचण्यात आले. मोठ्या आवाराची काही प्रवेशद्वारे, पूर्वी त्यांच्या माथ्यावर तुळया असूनही, माथा उघडा ठेवून बांधली गेली. १९९० च्या दशकात पश्चिमेकडील प्रवेशद्वार जुन्या पुराव्यांच्या आधारे पुन्हा तुळयांसह उभारण्यात आले.

अशा पुनर्बांधणीमुळे स्थळाच्या इतिहासात एक आधुनिक टप्पा जोडला गेला आहे आणि भिंतींचा अभ्यास करताना तो वेगळा काढणे अपरिहार्य असते. त्यासाठी जुनी छायाचित्रे, एकोणिसाव्या शतकातील आराखडे आणि रेखाटने प्रत्यक्ष भिंतींशी ताडून पाहिली जातात. सध्याच्या पद्धतीनुसार भिंत उतरवण्यापूर्वी तिचे मोजमापासह छायाचित्रण होते, दर्शनी दगडांना क्रमांक दिले जातात आणि दगड शक्यतो मूळ जागीच परत बसवले जातात. फुगवटा वाढत आहे की नाही, हे पाहण्यासाठी भिंतींवर खुणा बसवून ठरावीक कालाने मोजणी केली जाते. या नोंदींमुळे प्राचीन रचना व आधुनिक दुरुस्ती यांच्यातील सीमा पुढील अभ्यासकांना ओळखता येते.